तांबडी पेन्सिल

पलंगाखाली एकोणीस पुस्तकं आहेत.
मोजली, कारण त्यातल्याच एकात लिहिलंय,
जे आहे ते आधी मोजा.
सगळ्यांत तांबड्या पेन्सिलीच्या रेघा,
पट्टी लावून मारलेल्या.
उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलं,
वाकडी रेघ मला सोसत नाही.

पहाटे पाचला उठा, याच्याखाली दोन रेघा.
पाचाचा गजर मी रोज लावतो
आणि रोज, न चुकता, झोपेतच बंद करतो.
त्या हाताला मात्र सवय लागली,
एकवीस दिवसांच्या आतच.

गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
पेल्यावरचा फेस फुंकत
रंगराव चौगल्याला विचारलं एकदा,
"साडेतीनला उठता तरी कसं हो?"
म्हणाला, "मी कुठला उठतोय!
म्हस हंबरती."
घरी येऊन ते वहीत लिहून काढलं.
खाली रेघ मारली.

एक वाक्य तीन पुस्तकांत सापडलं,
शब्द निराळे, म्हणणं तेच:
ज्याचं मन दुखावलंत, त्याला आजच भेटा.
तिन्ही ठिकाणी रेघ. एकीखाली तारीखसुद्धा,
सोळा जून, दोन हजार पंधरा.
त्या दिवशी काय काम निघालं, आठवत नाही.

दस्तगीर मुजावर. तीन नंबरच्या लेथवरचा.
मायक्रोमीटर हरवला तेव्हा
सगळ्यांसमोर त्याला डबा उघडायला लावला मी.
दोन भाकऱ्या, वांग्याचं भरीत,
मिठाची पुडी. तीही उलगडून बघितली.
मंगळवारी तो कामावर आला नाही.
गुरुवारी मायक्रोमीटर मिळाला,
माझ्याच कपाटात, रजिस्टरांच्या मागं.
नोंद केली: सापडला.
सही केली.

परवा गजर वाजला,
हात आपल्या वाटेनं निघाला,
आणि शालन कूस बदलत म्हणाली,
"कुणासाठी वाजतंय हो ते रोज?"

लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात
पंप दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं.
पुस्तकात सहा पायऱ्या होत्या,
आधी श्वास, मग नजर, मग त्याचं नाव,
बिंदू चौकापर्यंत सगळ्या तोंडपाठ.
उंबऱ्याशी एकही उरली नाही.
"मायक्रोमीटर सापडला होता," म्हणालो.
त्यानं वर न बघता विचारलं, "कधी?"
"त्याच गुरुवारी."
पाना दोनदा फिरवला त्यानं.
"मग एवढी वर्सं काय करत हुता?"

स्टोअरकीपर माणूस. शिल्लक असते तीच सांगतो.
"वाचत होतो," म्हणालो.

तो हसला नाही.
जाऊ द्या, असंही म्हणाला नाही.
गंजलेल्या पंपाचं एक टोक माझ्याकडं सरकवलं,
"हिकडनं धरा. घट्ट. सोडा म्हणंपतोर."

धरलं.
बेअरिंग निघायला पाऊण तास गेला.
बोटं आखडली, चष्मा नाकावरनं घसरला,
वर करायला हात मोकळा नव्हता.
मध्ये पोरगं चहा घेऊन आलं.
एकच कप. तो त्यानं प्याला.
"सोडा," म्हणाला शेवटी,
आणि कोपऱ्यात पडलेल्या
दुसऱ्या पंपाकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

रात्री सवयीनं पुस्तक उघडलं.
साबणानं न गेलेलं ग्रीस
अंगठ्यासकट उमटलं पानावर,
सोळा जूनची निम्मी रेघ बुडाली.
खोडरबर शोधलं. मिळालंही.
परत ठेवून दिलं.

उद्या सोमवार, त्याचं दुकान बंद.
परवासाठी गजर लावला,
पाचाचा काढून सातचा.
शटर साडेसातला उघडतं.